धावेचा डाव चालत नसेल, तर प्ले ॲक्शनची हूल चालते का?

प्रश्न : चौथा_डाउन

अमेरिकन फुटबॉलच्या आक्रमणाविषयी एक प्रश्न जाणकारांपुढे ठेवतो. मी हायस्कूलच्या एका संघाला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून मदत करतो. यंदा आमचा धावेचा खेळ यथातथाच आहे. पहिल्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला, दोन-तीन यार्ड मिळाले तरी आम्ही समाधान मानतो. त्यामुळे प्ले ॲक्शन, म्हणजे रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) हाती चेंडू दिल्याची बतावणी करून प्रत्यक्षात पास टाकण्याचा डाव, वापरावा की नाही यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. मुख्य प्रशिक्षकांचे म्हणणे असे की आधी धावेचा धाक बसला पाहिजे; ज्या संघाची खरी धाव अडवायला समोरच्याला कष्टच पडत नाहीत, त्याच्या खोट्या धावेला कोण भुलणार? हे वरकरणी पटण्यासारखे आहे. परंतु एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे, सामने पाहताना मला वारंवार असे दिसते की धावेत मार खाणारे संघही प्ले ॲक्शनवर लांबचे पास पूर्ण करतात आणि लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभे असणारे) त्या हुलीला तितक्याच इमानाने फसतात.

दुसरी अडचण अशी की आम्ही हा डाव खेळतो तेव्हा समोरचे लाइनबॅकर पुढे येण्याऐवजी सरळ मागे सरकतात, जणू त्यांना कोणी आधीच सांगून ठेवले आहे. ते हे कशावरून ओळखत असावेत? आणि शेवटचे म्हणजे मुलांना फार आवडणारे फसवे डाव, फ्ली फ्लिकर (बॅकने चेंडू परत क्वार्टरबॅककडे टाकून मग पास), रिव्हर्स (चेंडू उलट दिशेने पळणाऱ्याच्या हाती देणे), एरवी स्वतः पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकलाच पास वगैरे, प्लेबुकमध्ये किती असावेत?

प्रतिसाद १ : आकडेमोड

धाकाचा सिद्धान्त ऐकायला सयुक्तिक वाटतो, पण आकडे त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत. एनएफएलच्या अनेक मोसमांतील प्रत्येक डावाची नोंद आज कोणालाही मिळू शकते, आणि ती चाळणाऱ्या विश्लेषकांना दोन गोष्टी आढळल्या आहेत. प्ले ॲक्शनवरच्या पासाला साध्या पासापेक्षा सरासरीने अधिक यार्ड मिळतात. आणि हा फायदा संघ किती वेळा धावतो किंवा किती चांगला धावतो यावर अवलंबून असल्याचे दिसत नाही. म्हणजे तुम्हाला सामने पाहताना जे जाणवले, ते केवळ भास नव्हे.

असे का होते, हे लाइनबॅकरच्या जागी उभे राहून पाहिले की लक्षात येते. तो स्क्रिमेज रेषेपासून (जिथून डाव सुरू होतो तिथून) साधारण चार-पाच यार्डांवर उभा असतो आणि स्नॅपनंतर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिल्यावर, निर्णयासाठी त्याला सेकंदाचाही अवकाश नसतो. या संघाने आज २० वेळा धावून किती यार्ड मिळवले, असा ताळेबंद त्या क्षणी कोणी मांडत नाही. समोरचा गार्ड (आक्रमणाच्या लाइनमधला सेंटरशेजारचा खेळाडू) काय करतो आहे आणि बॅक कोणत्या दिशेने निघाला आहे एवढेच त्याला दिसते, आणि लहानपणापासून घोटवून घेतलेल्या सवयीने पाय आपोआप पुढे पडतात. तसे ते पडावेच लागतात, कारण धाव खरी असेल आणि तो एका पावलाने उशिरा पोहोचला, तर एरवी दोन यार्डांवर संपणारी धाव आठ यार्ड जाते. कमकुवत धावही मोकळी सोडली तर कमकुवत राहत नाही. लाइनबॅकर दोन पावले पुढे आला की त्याच्या पाठीमागे आणि सेफ्टीच्या (बचावातल्या सर्वांत मागच्या खेळाडूच्या) पुढ्यात, साधारण १२ ते १८ यार्डांच्या पट्ट्यात, जी मोकळी जागा तयार होते, तिच्यातच मैदानाच्या मध्यातून आडवा पळणारा रिसीव्हर (पास पकडणारा) शिरतो. बचाव झोनचा, म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा आपापला भाग राखायचा असा, असेल, तर ही जागा अधिकच ठळक दिसते.

अर्थात परिस्थिती विश्वासार्ह हवी. तिसऱ्या डाउनला १५ यार्ड हवे असताना, किंवा दोन मिनिटे उरली असून संघ १० गुणांनी मागे असताना, धावेच्या सोंगाला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा बचावाने धाव आधीच सोडून दिलेली असते. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकांच्या म्हणण्यात मी एवढाच बदल करीन की धाव यशस्वी होण्याची गरज नाही, ती त्या क्षणी शक्य वाटली पाहिजे. मात्र हे आकडे व्यावसायिक खेळाडूंचे आहेत. हायस्कूलच्या पातळीवर लाइनबॅकर इतके शिस्तबद्ध नसतात, आणि गंमत अशी की ज्याला संकेत वाचताच येत नाहीत, त्याला त्या संकेतांनी फसवताही येत नाही.

प्रतिसाद २ : डावा_गार्ड

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी आक्रमणाच्या लाइनला शिकवतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरावा.

प्ले ॲक्शनचे नाटक क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक करतात असे प्रेक्षकांना वाटते, परंतु लाइनबॅकर प्रथम त्यांच्याकडे पाहतच नाही. त्याची नजर गार्डवर असते. गार्डचे हेल्मेट स्नॅपबरोबर खाली राहून पुढे आले तर धाव, आणि वर उचलले जाऊन मागे गेले तर पास, हा त्याला शिकवलेला पहिला धडा. यालाच प्रशिक्षक ‘लो हॅट, हाय हॅट’ म्हणतात. आता तुमचे गार्ड प्ले ॲक्शनला काय करतात ते पाहा. डावाच्या नावात ‘पास’ आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ते सवयीने छाती वर काढून, हात पुढे धरून एक पाऊल मागे सरतात. मागे क्वार्टरबॅकने रंगभूमी गाजवावी असा अभिनय केला तरी पुढच्या पाच जणांनी पितळ उघडे पाडलेले असते. तुमचे समोरचे लाइनबॅकर मागे सरकतात याचे कारण, न पाहताही मी सांगतो, बहुधा इथेच आहे.

उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण आहे. लाइनने पहिली दोन पावले अगदी धावेच्या डावाचीच टाकावीत, खांदे खाली ठेवावेत, समोरच्याला धडक द्यावी, आणि मग तिथेच थांबून पासचे संरक्षण सुरू करावे. थांबणे आवश्यक आहे, कारण पास पकडण्यास अपात्र असलेल्या लाइनमनला पास सुटण्याआधी फार पुढे जाता येत नाही. एनएफएलमध्ये ही मर्यादा एक यार्ड आहे, तर कॉलेजच्या खेळात तीन यार्ड. तुमच्या पातळीवरचा नियम पंचांकडून नीट समजून घ्या. एखादा गार्ड पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून रेषेमागून दुसऱ्या बाजूला धावला, तर हूल आणखी पक्की होते, कारण पुल करणारा गार्ड दिसला की लाइनबॅकर त्याच्या मागे निघतोच. परंतु त्या गार्डची रिकामी जागा कोणी भरायची हे आधी ठरलेले नसेल, तर क्वार्टरबॅकची धडगत नाही.

बॅकविषयी एवढेच सांगतो की त्याने चेंडू मिळाल्यासारखे दोन्ही हात पोटावर मिटून घ्यावेत, वाकून धावावे आणि लाइनमध्ये खरोखर घुसावे. मान वळवून क्वार्टरबॅककडे पाहणारा बॅक डाव फोडतो. क्वार्टरबॅकच्या अभिनयाचा उत्तम नमुना हवा असेल, तर ६ ऑक्टोबर २०१३ रोजीचा ब्राँकोज विरुद्ध काउबॉइज हा सामना पाहा. एंड झोन (जिथे चेंडू नेला की गुण मिळतात) एका यार्डावर असताना पेटन मॅनिंग यांनी नोशॉन मोरेनो यांच्याकडे चेंडू दिल्याचे भासवले, सारा बचाव मोरेनोंवर तुटून पडला, आणि वेगाशी ज्यांचे कधीच सख्य नव्हते असे मॅनिंग चेंडू मांडीशी दडवून विरुद्ध बाजूने एकटेच आत गेले. सामना ब्राँकोजनी ५१-४८ असा जिंकला. मॅनिंग यांच्या खऱ्या आणि खोट्या हँडऑफमध्ये शरीराच्या हालचालीत फरक काढणे अवघड असे, आणि त्याचे श्रेय खोट्या हँडऑफपेक्षा खऱ्याला अधिक आहे. खरा हँडऑफ देऊन झाल्यावरही ते चेंडू स्वतःकडेच असल्यासारखे पुढची पावले टाकत. तुमचा क्वार्टरबॅक खऱ्या धावेनंतर उभा राहून गंमत पाहत असेल, तर बचावाला फरक कळायला दोन डाव पुरतात.

म्हणूनच नवे प्ले ॲक्शन शोधण्याआधी तुमचा सर्वांत जास्त खेळला जाणारा धावेचा डाव कोणता ते ठरवा, आणि त्याच्याच पोटातून पास काढा. डेलावेअर विद्यापीठाने नावारूपाला आणलेल्या विंग-टी पद्धतीत सारी किमया हीच होती; प्रत्येक डावाची सुरुवात दुसऱ्या एखाद्या डावासारखी दिसे.

प्रतिसाद ३ : दोन_सेफ्टी

मी बचावाच्या बाजूचा माणूस. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून कोणाचा असा समज होऊ नये की प्ले ॲक्शनवर उतारा नाही.

२०१८ च्या मोसमातील लॉस एंजेलिस रॅम्सचे उदाहरण घ्या. प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांच्या या संघाने नियमित मोसमाच्या १६ सामन्यांत ५२७ गुण केले. बाहेरच्या बाजूने जाणारी झोन धाव आणि हुबेहूब तशीच सुरू होणारी प्ले ॲक्शन ही त्यांच्या खेळाची मुळाक्षरे होती, आणि क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ यांना त्यातून मोठमोठे पास मोकळे मिळत. ३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, याच संघाला पॅट्रियट्सनी तीन गुणांवर रोखले आणि सामना १३-३ असा जिंकला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या या संघाने अनेकदा रेषेवरच सहा जण उभे केले, जेणेकरून बाहेरची धाव कडेलाच अडावी. धाव पुढच्या सहा जणांनीच निस्तरली की मागच्यांना हुलीसाठी पुढे येण्याचे कारणच उरत नाही. ते आपापल्या झोनमध्ये शांतपणे थांबतात, आणि एरवी मोकळ्या दिसणाऱ्या पट्ट्यात गॉफ यांना माणसे दिसू लागतात. प्ले ॲक्शनचे बळ एकाच खेळाडूवर दोन कामे पडण्यात आहे. त्यातले एक काम दुसऱ्या कोणी उचलले, की हूल हवेत विरते.

इथे मी आकडेमोड यांच्याशी किंचित असहमत आहे. धाव यशस्वी असण्याची गरज नाही हे खरे. पण ती अडवायला बचावाला किती माणसे खर्च करावी लागतात, याने फरक पडतोच. तुमची धाव समोरचा संघ सहा जणांत रोखत असेल, तर तुमच्या मुख्य प्रशिक्षकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

बचाव मॅन कव्हरेजचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक माणूस राखायचा असा, असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रिसीव्हरला चिकटलेला कॉर्नरबॅक मागे काय चालले आहे ते पाहतच नाही, तेव्हा हँडऑफच्या नाटकाने तो हलणार नाही. तिथे फसवायचे ते टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणाऱ्या आणि पासही पकडणाऱ्या खेळाडूच्या) रखवालदाराला. ‘लीक’ नावाच्या डावात टाइट एंड लाइनबरोबर धावेच्या दिशेने ब्लॉक करायला जातो, गर्दीत क्षणभर हरवतो, आणि मग उलट्या बाजूला सटकतो. त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्याने त्याला ब्लॉक करताना पाहिलेले असते, त्यामुळे त्याने मनाने त्याला सोडून दिलेले असते. बचावाच्या बाजूने सांगतो, हा डाव फार जिव्हारी लागतो, कारण चूक कोणाची यावरून नंतर आमच्यातच भांडण होते.

आणि या साऱ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. हुलीसाठी क्वार्टरबॅकची नजर बचावावरून हटते, कधी पाठही वळते, आणि चेंडू सुटायला उशीर होतो. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनने जायंट्सविरुद्ध फ्ली फ्लिकर खेळला. जॉन रिगिन्स यांनी हँडऑफ घेऊन चेंडू मागे क्वार्टरबॅक जो थाइसमन यांच्याकडे परत टाकला. जायंट्स फसले नाहीत. लॉरेन्स टेलर यांनी थाइसमन यांना पाडले, त्यात त्यांचा पाय मोडला, आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली. दुखापत कोणत्याही डावात होऊ शकते हे मान्य. परंतु ब्लिट्झची, म्हणजे बचावाचे जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर धावून येण्याची, शक्यता असताना संथ हूल मागवणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

धागाकर्ता : चौथा_डाउन

तिघांचेही आभार. प्रतिसाद २ वाचून मागच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या, आणि गार्डविषयीचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. दोघेही स्नॅपबरोबर ताठ उभे राहतात. आता एक उपप्रश्न. आम्ही जवळजवळ सगळे डाव शॉटगनमधून खेळतो, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे पाच यार्डांवर असतो आणि चेंडू सर्वांना दिसत राहतो. अशा वेळी हूल टिकते का? आणि फसव्या डावांविषयी कोणीच बोलले नाही.

प्रतिसाद ४ : जुना_प्लेबुक

फसव्या डावांचे मी सांगतो. ते आणि प्ले ॲक्शन यांना एकाच पंक्तीत बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्ले ॲक्शन ही रोजची भाषा आहे आणि ती एका सामन्यात १० वेळा बोलली तरी शिळी होत नाही. फसवा डाव मात्र एकदा दाखवला की संपला, कारण पुढच्या प्रतिस्पर्ध्याने त्याची चित्रफीत पाहिलेली असते.

या प्रकाराची परंपरा मोठी खट्याळ आहे. १९०३ मध्ये पॉप वॉर्नर यांच्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या संघाने हार्वर्डविरुद्ध किकऑफनंतर घोळका करून चेंडू चार्ली डिलन यांच्या जर्सीत पाठीवर दडवला, आणि हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत असताना डिलन थेट गोलपर्यंत धावत गेले. सामना मात्र हार्वर्डनेच १२-११ असा जिंकला. जर्सीत चेंडू दडवायला आज बंदी आहे. अशा बहुतेक युक्त्यांचे असेच होते. खूप यशस्वी झाल्या की नियमच बदलतो. १० जानेवारी २०१५ च्या सामन्यात पॅट्रियट्सनी रेव्हन्सविरुद्ध चारच लाइनमन उतरवून शेन व्हरीन यांना अपात्र रिसीव्हर म्हणून घोषित केले आणि ते नेमके कुठे उभे आहेत यावरून बचावाचा गोंधळ उडवला. पॅट्रियट्स ३५-३१ असे जिंकले, आणि पुढच्या मोसमाआधीच लीगने अशा रचनेवर बंधन घातले.

चांगल्या फसव्या डावाचा नमुना म्हणून ‘फिली स्पेशल’ पाहावा, आणि तो केवळ धाडसासाठी नव्हे तर रचनेसाठी पाहावा. ४ फेब्रुवारी २०१८ चा ईगल्स विरुद्ध पॅट्रियट्स सुपर बोल, पहिला अर्धा संपत आलेला, चौथा डाउन, चेंडू एका यार्डावर. ईगल्सचे क्वार्टरबॅक निक फोल्स काही सूचना द्यायला निघाल्यासारखे उजव्या टॅकलच्या (गार्डच्या बाहेरच्या लाइनमनच्या) मागे येऊन थांबतात. स्नॅप थेट कोरी क्लेमेंट यांच्याकडे जातो, ते चेंडू उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टन यांच्याकडे टाकतात, आणि बर्टन एंड झोनमध्ये एकट्या उभ्या असलेल्या फोल्स यांना पास देतात. बर्टन कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले होते, हे विसरू नये. ज्याला फेकता येते त्याच्याच हाती चेंडू गेला. शिवाय एनएफएलच्या नियमानुसार सेंटरच्या अगदी मागे उभा राहून स्नॅप घेणारा क्वार्टरबॅक पास पकडू शकत नाही. फोल्स तिथे नव्हतेच, म्हणून ते पात्र ठरले. त्याच अर्ध्यात पॅट्रियट्सनीही टॉम ब्रेडी यांच्याकडे असाच पास टाकला होता, आणि तो त्यांच्या हातून निसटला. ईगल्स ४१-३३ असे जिंकले.

याहून मला अधिक आवडतो तो डॉल्फिन्सचे क्वार्टरबॅक डॅन मरिनो यांचा २७ नोव्हेंबर १९९४ चा डाव. जेट्सविरुद्ध डॉल्फिन्स मागे होते, घड्याळ धावत होते, आणि मरिनो चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणार असल्याच्या खुणा करत होते. बचाव क्षणभर सैलावला. मरिनोंनी चेंडू आपटलाच नाही. त्यांनी तो मार्क इंग्रॅम यांच्याकडे फेकला, आणि डॉल्फिन्सनी सामना २८-२४ असा खेचून आणला. यात कसरत कसलीच नाही, चेंडू एकदाच हातातून सुटतो, बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. बचावाला विसाव्याची सवय कुठे लागलेली आहे, एवढे एकच निरीक्षण त्यामागे आहे.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर: एका वेळी दोन, फार तर तीन. त्यांतला एकही असा नको ज्यात चेंडू तीनपेक्षा जास्त हातांतून जातो. मुलांना आवडतात म्हणून सरावाचा निम्मा वेळ त्यांत घालवणारे संघ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे साधे हँडऑफही सांडतात.

प्रतिसाद ५ : डावा_गार्ड

शॉटगनविषयी: हूल टिकते, पण तिचा पोत बदलतो. सेंटरखालून खेळताना क्वार्टरबॅक पाठ वळवतो आणि चेंडू त्याच्या शरीराआड झाकला जातो. बदल्यात तो स्वतः क्षणभर आंधळा होतो. शॉटगनमध्ये चेंडू झाकला जात नाही, पण नजर बचावावर राहते, आणि हायस्कूलच्या क्वार्टरबॅकसाठी हा सौदा वाईट नाही. त्याने घाई मात्र करू नये. चेंडू दोन्ही हातांनी बॅकच्या पोटाशी न्यावा, बॅकच्या गतीबरोबर थोडे वाहवत जावे, आणि मग काढून घ्यावा. लांबूनच चेंडू नुसता दाखवून मागे खेचणे म्हणजे लाइनबॅकरला ‘आता पास येतो आहे’ असे लेखी कळवणे होय.

हा डाव मागवायला पहिला डाउन चांगलाच, पण दुसरा डाउन आणि एक यार्ड ही वेळ मला त्याहून आवडते. बचाव धावेसाठी रेषेकडे झुकलेला असतो, आणि पास हुकला तरी तिसऱ्या डाउनला एकच यार्ड उरतो. मुख्य प्रशिक्षकांचा विरोध तिथे सर्वांत कमी होईल असाही माझा अंदाज आहे.

सरावात एक करून पाहा. कॅमेरा नेहमीप्रमाणे वर किंवा कडेला न ठेवता बचावाच्या बाजूला, लाइनबॅकरच्या जागी आणि त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आणि तुमचा मुख्य धावेचा डाव व त्यावरची प्ले ॲक्शन पाठोपाठ खेळवा. दोन्ही चित्रफिती पहिल्या दोन पावलांपर्यंतच, कोणता डाव कोणता हे न सांगता, गार्डना दाखवा आणि त्यांनाच ओळखायला सांगा. त्यांना जोवर ओळखता येतो आहे, तोवर तो डाव सामन्यात मागवू नका.